खडूची उकड

तीस वर्षांपूर्वी मी आईचं एक चित्र काढलं. तपकिरी कागद, कोरडे पेस्टल खडू. आई पडवीत सूप घेऊन तांदूळ निवडत बसलेली आणि तिच्या डाव्या गालावर अंगणातला उजेड. त्या उजेडासाठी मी फिकट पिवळ्यावर गुलाबी आणि गुलाबीवर पांढरा असे हलके हात फिरवले होते. चित्र पुरं झालं. रंग झडू नयेत म्हणून, शिकवलं होतं तसं, कागद भिंतीला टेकवून त्यावर फिक्सेटिव्ह फवारलं. मिनिटभरात गालावरचा उजेड गेला. पांढरा रंग दिसेनासा झाला, पिवळा मातकट झाला. वाळल्यावर परत येईल म्हणून मी रात्री दोनदा उठून पाहिलं. आला नाही.

खडूचा रंग बांधायचा, पण मारायचा नाही, हे कुणाला जमलं असेल? हा प्रश्न त्या रात्रीपासून माझ्याबरोबर आहे. मिळेल ते वाचत गेले, संग्रहालयांत पेस्टलच्या मंद उजेडातल्या दालनांत काचेला नाक लावून उभी राहिले, आणि शेवटी एदगार देगापाशी येऊन थांबले. त्याच्या नर्तकी सगळ्यांना ठाऊक आहेत. मला ओढ लागली ती त्या नर्तकींच्या अंगावरच्या रंगात पाणी कुठून आलं, याची.

आधी खडूबद्दल थोडं. पेस्टलची कांडी म्हणजे रंगाची भुकटी, तीत मिसळलेली खडू किंवा जिप्समसारखी पांढरी पूड, आणि कांडी हातात तुटणार नाही एवढाच डिंक. शाळेतले मेणकट ऑइल पेस्टल वेगळे. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या दिवसांत आपण त्यांच्यावरून जलरंगाचा हात फिरवायचो आणि पाणी थेंब थेंब होऊन बाजूला सरकायचं. कोरड्या पेस्टलला पाणी परकं नाही. तो मुळात पाण्यातच मळलेला, वळलेला आणि वाळवलेला असतो. पाणी पुन्हा भेटलं की त्यातला डिंक जागा होतो.

पेस्टलचं तेज येतं ते कणांमधल्या हवेमुळे. कणांवर पडलेला उजेड हवेत आणि कणांत पुन्हा पुन्हा वळतो, विखुरतो आणि पांढरा होऊन डोळ्यांत येतो. हवेच्या जागी दुसरं काही भरलं की हा खेळ मंदावतो. सुतार खडूच्या पुडीत अळशीचं तेल घालून लांबी मळतो तेव्हा शुभ्र पूड पिवळट करडी होते, ती याच कारणानं. तेलातून जाणारा उजेड आणि खडूच्या कणातून जाणारा उजेड जवळजवळ सारखाच वळतो, म्हणून कण दिसेनासा होतो. फिक्सेटिव्हमधल्या राळेचंही तेच. पातळ करणारा द्रव उडून जातो, राळ कणांच्या मध्ये कायमची बसते. आईच्या गालावर मी लांबी भरली होती.

पाणीही रंग गडद करतं. पण पाणी उडून जातं. सडा घातलेलं अंगण सकाळी काळसर दिसतं, उन्हं चढली की पुन्हा मूळ रंगावर येतं. ही साधी गोष्ट मला कळायला बरीच वर्षं लागली.

पेस्टल बांधण्याची धडपड देगाच्या शंभर वर्षं आधीपासून चालली होती, आणि तिच्यात एक गुप्त कृतींची स्पर्धा आहे. पॅरिसमध्ये आंतवान-जोझेफ लोरियो या यंत्रकारागिरानं 1753 मध्ये राजाच्या कला अकादमीपुढे आपली पद्धत दाखवली आणि कृती मात्र 27 वर्षं कुणाला सांगितली नाही. 1780 मध्ये ती अकादमीनं छापली. माशाच्या हवापिशवीपासून काढलेला सरस पाण्यात विरघळवायचा, त्यात मद्यार्क घालायचा, ब्रश त्यात बुडवून लोखंडी कांबीवर ओढायचा आणि उडणारे बारीक तुषार चित्रावर पडू द्यायचे. तिकडे नेपल्समध्ये राइमोंदो दि सांग्रो या सान्सेवेरोच्या राजपुत्राची स्वतःची पद्धत होती. लालांद नावाच्या खगोलशास्त्रज्ञानं आपल्या इटलीच्या प्रवासवर्णनात ती 1769 मध्येच जगजाहीर केली. त्याचाही सरस माशाचाच, पण तो ब्रशनं कागदाच्या मागून लावायचा, म्हणजे ओल पाठीतून मुरत येऊन रंगाला धरते. माझं मत विचाराल तर राजपुत्राची बुद्धी सरस. रंगाच्या तोंडावर त्यानं काही पडूच दिलं नाही. ज्याच्या कुटुंबाच्या प्रार्थनामंदिरात अंगावर पातळ वस्त्र ओढून निजलेला संगमरवरी ख्रिस्त आहे, तो हाच माणूस. ती मूर्ती 1753 चीच.

या मंदिरापासून चालत काही मिनिटांवर, त्याच जुन्या नेपल्सच्या गल्ल्यांत, देगाच्या आजोबांचा वाडा होता. देगा विशीत तिथं येऊन राहायचा. त्याला राजपुत्राच्या सरसाची गोष्ट कुणी सांगितली असेल असं मी म्हणत नाही. पण नकाशावर ही दोन घरं इतकी शेजारी दिसली तेव्हा मला आनंद झाला, एवढं खरं.

देगा पेस्टलकडे मोठ्या प्रमाणावर वळला त्यामागे पैसा होता. 1874 मध्ये वडील वारले आणि कुटुंबाच्या पेढीचं दिवाळं बाहेर आलं. धाकट्या भावाचं कर्ज मानेवर. चाळिशीपर्यंत ज्याला चित्र विकायची फारशी निकड नव्हती, त्याला एकदम विकाऊ चित्रं हवी झाली. तैलचित्राला वाळायला आठवडे लागतात, खडूचं चित्र संध्याकाळी पुरं होतं. दृष्टीही अधू होत चालली होती. एवढ्यावर कुणी समाधान मानलं असतं. देगा मात्र खडू हातात घेऊन लगेच त्याच्या शेजारी दुसरं काय ठेवता येईल, हे पाहायला लागला.

त्याचा मित्र ल्युदोविक लपिक मुद्राचित्रकार होता. त्याच्या मदतीनं देगानं धातूच्या पत्र्यावर चिकट काळी छपाईची शाई फासली, ती चिंधीनं, बोटांनी, काडीनं पुसत चित्र उघडं केलं आणि ओलसर कागद वर ठेवून दाबयंत्रातून काढला. याला मोनोटाइप म्हणतात. ठसा नीट एकदाच उमटतो. पहिल्या प्रयत्नातला नृत्यशिक्षकाचा ठसा वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे आणि त्यावर लपिक व देगा अशा दोघांच्या सह्या आहेत. पत्र्यावर उरलेल्या शाईतून दुसरा कागद काढला तर भुतासारखा फिका ठसा येतो. इतर मुद्राकार असा ठसा टाकून देतात. देगानं तो ठेवून घेतला. अंधार-उजेडाची सगळी मांडणी तयारच होती. त्यावर त्यानं खडू चालवला. ऑर्से संग्रहालयातली रंगमंचावर वाकून अभिवादन करणारी एकटी नर्तकी आठवा. तिच्या घागऱ्याखाली, मागच्या विंगेत, त्या काळ्या पोशाखातल्या पुरुषाभोवती, सगळीकडे छपाईची शाई आहे. खडूच्या जाळीतून ती श्वास घेते. असे तीनशेच्या वर मोनोटाइप त्यानं केले आणि त्यांतल्या कितीतरींवर खडू फिरला.

यांतलंच एक चित्र 1877 च्या सुमारास लुईझीन एल्डर नावाच्या विशीतल्या अमेरिकन मुलीनं पॅरिसमध्ये विकत घेतलं. बरोबर चित्रकार मेरी कसाट होती आणि तिचा सल्ला होता, घेऊन टाक. किंमत 500 फ्रँक. नृत्याच्या तालमीचं ते चित्र, खाली मोनोटाइप, वर अपारदर्शक जलरंग, त्यावर पेस्टल. लुईझीननं ते 1878 मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनाला दिलं. अमेरिकेत देगाचं चित्र लोकांसमोर आलं ते असं, आणि आलं ते जलरंगकारांच्या संस्थेच्या वार्षिक प्रदर्शनात. छपाईची शाई, जलरंग आणि खडू अशी तीन घराणी एका कागदावर, आणि जागा मिळाली ती जलरंगांच्या पंगतीत! मला यात चूक दिसत नाही. पाण्याचा हात त्यात खरोखरच होता. पुढे ही मुलगी हॅवमायर घराण्यात सून म्हणून गेली आणि तिच्या घरातून देगाच्या चित्रांचा मोठा साठा 1929 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आला. तालमीचं ते पहिलं चित्र मात्र आता कॅन्सस सिटीत आहे.

मेट्रोपॉलिटनमधली दोन चित्रं मी संशोधनात सगळ्यात जास्त वेळा उघडली. दोन्हींचा विषय एकच, रंगमंचावरची नृत्याची तालीम. काळ 1874 च्या आसपासचा. दोन्ही हॅवमायर कुटुंबाकडून आलेली. चित्राखाली कशानं काढलंय ते लिहिलेलं असतं, तेवढीच ओळ मी वाचत बसते. एकाखाली लिहिलंय, टाकानं शाईत केलेल्या रेखाटनावर टर्पेंटाइननं पातळ केलेले तैलरंग, जलरंग आणि पेस्टलच्या खुणा. तो कागद जाड पुठ्ठ्यावर, पुठ्ठा कॅनव्हासवर. दुसऱ्याखाली, ब्रशनं शाईत केलेल्या रेखाटनावर पेस्टल, आणि पुन्हा तसाच कागद, पुठ्ठा, कॅनव्हास. तेल, पाणी, शाई, खडू यांना एकमेकांशेजारी बसवायचं तर कोण आधी आणि कोण नंतर, हे ठरवावं लागतं. देगाचा क्रम जवळजवळ नेहमी एकच राहिला. ओलं खाली, कोरडं वर. तैलरंगातलं तेलही तो शोषकागदावर आधी निथळून घ्यायचा आणि उरलेला रंग टर्पेंटाइनमध्ये कालवायचा, म्हणजे तो जलरंगासारखा वाहायचा आणि मॅट वाळायचा. तेलकट चकाकी त्याला खपत नसे. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये वेशभूषेच्या नाचानंतर थकून बसलेल्या मादाम दिएत्झ-मोनँ यांचं व्यक्तिचित्र आहे. तिथं तर त्यानं सरसात कालवलेले रंग, धातूची चमक असलेला रंग आणि पेस्टल एकाच कॅनव्हासवर आणले.

आता वाफ.

वाफेची हकिगत आपल्यापर्यंत आली ती देनी रुआरच्या पुस्तकातून. 1945 मध्ये पॅरिसमध्ये निघालेलं हे पुस्तक देगाच्या तंत्राच्या शोधावर आहे. देनीचे आजोबा आंरी देगाचे शाळेतले मित्र, वडील एर्नेस्त देगाच्या हाताखाली शिकलेले, आजी बेर्त मोरिझो. म्हणजे प्रयोगशाळेतून आलेलं हे ज्ञान नव्हे. घरातल्या जेवणाच्या टेबलावरून उतरत आलेलं आहे, आणि मला ते म्हणूनच मोलाचं वाटतं. रुआर सांगतो की देगा आधी कोरडा खडू कागदावर घालायचा आणि मग उकळत्या पाण्याची वाफ त्यावर सोडायचा. खडूची पूड ओलसर होऊन लगद्यासारखी व्हायची. मग कमी-अधिक ताठ केसांच्या ब्रशांनी तो लगदा हवा तसा पसरायचा. कुठे वाफेऐवजी पाणीच फवारायचा. लगद्याऐवजी पातळ थर हवा असेल तिथं ब्रशनं तो ओढत न्यायचा. आणि सगळ्या चित्रावर पाणी पडणार नाही याची काळजी घ्यायचा. नर्तकीचं अंग आणि तिचा मलमली घागरा यांना एकच पोत मिळता कामा नये, म्हणून कुठे ओलं, कुठे कोरडं.

हे वाचल्यावर मी पुस्तक मिटलं आणि स्वयंपाकघरात गेले. तांदळाच्या पिठाला वाफ दिली की काय होतं, ते आपल्याकडे बायकांना सांगायला नको. कोरडं पीठ बोटांतून गळतं. उकड काढली की तेच पीठ पातळ पारी सोसतं, कळ्या घेतं. देगा खडूची उकड काढत होता.

मी किटली ठेवली. पाच कागदांवर खडूचे पट्टे घालून तोटीसमोर धरले. पहिला कागद वेटोळं होऊन गेला, कारण मी तो फळीला चिकटवला नव्हता. दुसऱ्यावर थेंब साठून पट्ट्यात खड्डे पडले. अंतर वीतभर वाढवलं तेव्हा जमलं. रंग आधी सर्रकन गडद झाला, मला पुन्हा आईचा गाल आठवला आणि हात थांबला. पण अर्ध्या तासानं तो उजळत उजळत जवळजवळ मूळ जागी आला. बोट फिरवलं तर पहिल्यासारखी पूड निघाली नाही. निघाली थोडीशी. डिंक थोडाच असतो, त्यामुळे बांधणीही थोडीच. शेवटच्या कागदावर ओल्या लगद्यावरून ताठ ब्रश ओढला आणि पोस्टर कलरसारखा सपाट, जाडसर, तरी मखमली पट्टा उमटला. त्यावर वाळल्यानंतर कोरड्या खडूच्या तिरप्या रेघा मारल्या, तर खालचा रंग रेघांमधून दिसत राहिला. एक भडक गुलाबी खडू मात्र फसवा निघाला. ओल लागताच त्याचा रंग शेजारच्या पांढऱ्यात फुटला. रंगद्रव्य खरोखर भुकटीचं आहे की विरघळणाऱ्या रंगानं रंगवलेली पूड आहे, हे पाणी लगेच सांगतं.

देगाला अशा फसव्या रंगांची धास्ती होती. चित्रविक्रेता आंब्रवाझ व्होलारनं लिहून ठेवलंय की देगा विकत आणलेले खडू उन्हात ठेवून द्यायचा. जे उडायचे ते रंग आधीच उडू देत. कुणीतरी विचारलं, इतके तेजस्वी खडू तुम्हाला मिळतात कुठे, तेव्हा त्याचं उत्तर होतं, मेलेल्या रंगांतून. पॅरिसमधले आंरी रोशे हे औषधशास्त्र जाणणारे पेस्टलकार होते, त्यांच्याकडूनही तो खडू घ्यायचा. पण तेज खडूच्या पेटीत नव्हतं. ते थरांच्या रचनेत होतं. खाली वाफेनं बसवलेला मंद थर, त्यावर रेघांची जाळी, ती बांधून पुन्हा वेगळ्या दिशेनं दुसरी जाळी.

हे मधले थर बांधायला मात्र वाफ पुरत नाही. तिथं फिक्सेटिव्ह लागतंच. आणि इथे तो माणूस येतो, ज्याच्यासाठी मी हा सगळा लेख लिहायला घेतला.

लुईजी कियालिवा. स्वित्झर्लंडच्या इटालियन भाषक भागातला, देगापेक्षा काही वर्षांनी लहान. मेंढ्या, मेंढपाळ मुली, गवतावरची पोरं अशी गोड चित्रं काढायचा, त्यांत जलरंगही पुष्कळ. पॅरिसजवळ एकुआँ इथं स्थायिक झालेला. कलेच्या इतिहासात त्याला जेमतेम एक ओळ मिळते. देगाची चित्रं आणि त्याची चित्रं शेजारी ठेवली तर या दोघांचं बोलणं तरी काय होत असेल असं वाटावं. पण कियालिवाला रसायनांची जाण होती. बाजारातलं फिक्सेटिव्ह देगाला चालत नसे. ते चकाकायचं आणि रंगाचा जीव घ्यायचं. कियालिवानं त्याला स्वतःचं एक फिक्सेटिव्ह करून दिलं, न चकाकणारं आणि रंग न बदलणारं. देगानं शेवटपर्यंत तेच वापरलं. ती कृती आज कुणाच्या हाती नाही. कियालिवा 1914 मध्ये गेला, देगा 1917 मध्ये. लोरियोनं 27 वर्षं पेटीत ठेवलेली कृती निदान छापून तरी आली. जी खरोखर हवी होती ती गेली. मला याची हळहळ अजून वाटते.

कियालिवाकडून देगाला आणखी एक गोष्ट मिळाली, ती त्याच्या मुलामुळे. मुलगा ज्यूल वास्तुशास्त्र शिकत होता. वडील एकच आकृती खोडून-खोडून कागद खराब करताना त्यानं पाहिले आणि वास्तुविशारद वापरतात तो ट्रेसिंग पेपर पुढे केला. जुन्या रेखाटनावर तो ठेवायचा, बरोबर ते उतरवायचं, चुकलेलं खाली सोडून द्यायचं. देगानं हे पाहिलं आणि त्यानंतर त्याची चित्र काढण्याची रीतच बदलली. ज्यूलनं ही हकिगत 1932 मध्ये फ्रेंच कलेतिहास मंडळाच्या पत्रिकेत सांगितली. एवढ्या मोठ्या बदलाचं कारण म्हणून किती लहानसा प्रसंग, आणि म्हणूनच मला तो खरा वाटतो. शेवटच्या वीस वर्षांत एकच नर्तकी, एकच अंग पुसणारी बाई देगानं पुन्हा पुन्हा उतरवून घेतली, कधी उलटी करून, कधी मोठी करून.

पण ट्रेसिंग पेपर खडूला धरत नाही. त्याला दात नसतात, गुळगुळीत असतो. शिवाय पाण्याचा हात लागला की तो फुगतो, सुरकुततो. उघड्या ट्रेसिंग पेपरवर वाफेचा खेळ करता येत नाही. म्हणून रेखाटन झालं की देगा तो कागद लेझँ नावाच्या कारागिराकडे पाठवायचा. लेझँ तो जाड पुठ्ठ्यावर ताणून चिकटवून द्यायचा. कोळशाच्या सैल रेघा पुढच्या बाजूला, ओली खळ मागच्या बाजूला, आणि फुगणारा कागद एकही सुरकुती न पडता बसवायचा. हे काम किती नाजूक आहे ते ज्यानं पतंगाचा कागद एकदा तरी खळीनं चिकटवलाय त्याला कळेल. चिकटवून आलं की मगच खडूचे थर सुरू, प्रत्येक थरानंतर कियालिवाचं फिक्सेटिव्ह, त्यामुळे वरच्या थराला धरायला दात मिळायचे. गुळगुळीत कागदाला देगानं असे रंगाचेच दात बसवले.

आणि मध्येच त्याला वाटायचं, पाय कापले गेले, वर डोक्याला जागा हवी. मग कागदाची पट्टी खाली जोडायची, बाजूला जोडायची. लंडनच्या नॅशनल गॅलरीत अंघोळीनंतर मान पुसणाऱ्या बाईचं मोठं पेस्टल आहे, साधारण मीटरभर उंच आणि तेवढंच रुंद. त्यात असे जोड आहेत. चित्र दुरून एकसंध दिसतं. जवळ गेल्यावर मानेपासून पाठीपर्यंतचे हिरवे-गुलाबी फटकारे दिसतात, मग त्यांच्याखालचा दाट थर, आणि मग कागदाचा सांधा. देगाचे रंग त्या सांध्यावरून थांबल्याशिवाय पुढे गेले आहेत.

त्याच्या पेस्टलांत सगळ्यात वरचा थर पुष्कळदा कशानंही बांधलेला नसतो. खालचे सगळे थर पाण्यानं, वाफेनं, कियालिवाच्या फिक्सेटिव्हनं धरून ठेवले आणि शेवटचा हात तसाच मोकळा सोडला. हवा भरलेली नुसती भुकटी. म्हणून संग्रहालयं ही चित्रं प्रवासाला पाठवायला कचरतात, म्हणून ती मंद दिव्यात, काचेमागे असतात.

आईच्या चित्रावर मी नंतर बरेच प्रयोग केले. वाफही दिली. राळ बसली होती, ती हलली नाही. मागच्या श्रावणात त्याच गालावर, त्या मातकट पिवळ्यावरच, पांढऱ्या खडूची एक रेघ ओढली. फिक्सेटिव्हमुळे कागदाला दात आले होते, रेघ छान धरली. ती मी बांधलेली नाही. चित्र काचेत घालून पडवीपासून लांब, कोरड्या खोलीत टांगलं आहे.